दोन दिवसांची चतुर्थी

टेबलावर आईची तीन डोकी होती, अकरा हात आणि दोन साड्या, एक कोरडी आणि एक भिजलेली. मुलीची डोकी पाच, कारण तिच्या चेहऱ्यावर जास्त गोष्टी घडतात. हात सोळा, फ्रॉक एक. टोपल्या चार: रिकामी, अर्धी, भरलेली आणि उपडी. पाण्याच्या पट्ट्या बावीस. बगळा एक, आणि त्याचा डावा पाय आदल्या दिवसापासून सापडत नव्हता. सगळं जाड कागदातून कापलेलं आणि सांध्यांना तांब्याच्या बारीक तारेने जोडलेलं. वर लाकडी चौकटीला खाली तोंड करून फोन बसवलेला. त्या सकाळी फोनमध्ये १,७६४ फोटो होते.

आम्ही सेकंदाला बारा फोटो या हिशोबाने काम करत होतो. फोटो काढायचा, हात दोन मिलिमीटर हलवायचा, पुन्हा फोटो. साडेतीन मिनिटांच्या फिल्मला २,५२० फोटो लागतात. म्हणजे ७५६ बाकी होते, त्रेसष्ट सेकंद. पुण्यातल्या एका लघुपट महोत्सवाला फिल्म पाठवायची शेवटची तारीख एकोणीस दिवसांवर होती. दिवसाला साठ फोटो आरामात निघतात, तेव्हा वेळ पुरेसा होता. अडचण वेगळी होती. त्या त्रेसष्ट सेकंदांत काय घडतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि श्रद्धा. श्रद्धा चिपळूणची. चित्रं आणि कात्री तिची. ती आठवड्यातले चार दिवस एस.टी.ने रत्नागिरीला यायची आणि आमच्या माडीवरच्या खोलीत काम करायची. मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी भाट्याच्या खाडीतल्या ६१२ तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, लांबी-रुंदी मोजली होती. फिल्मची गोष्ट माझी होती. लिहिलेली अशी नव्हती, घडलेलीच होती, मी बारा वर्षांची असताना.

आमच्या वाडीतल्या बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीतल्या पुळणीवर, वाळूच्या उंचवट्यावर, तिसऱ्या काढायला जातात. पुळण आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याची एक धार आहे. सुकती तळाला असताना तिच्यात मांडीखाली पाणी असतं, आणि पाणी फिरलं की सगळ्यात आधी तीच भरते. त्यामुळे पुळणीवर कधी जायचं यापेक्षा कधी परतायचं हे जास्त महत्त्वाचं. ते तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला. त्यानंतर सहा तास आणि वर थोडी मिनिटं गेली की सुकती.

वाडीत हे मोजणारी बाई म्हणजे माझी आई, दमयंती. बाबा जहाजावर असतात, वर्षातले आठ महिने नसतात. आईचं सगळं वेळापत्रक खाडीवर चालतं. तिने कधी कॅलेंडर बघितलं नाही. कालची तिथी लक्षात ठेवायची आणि रोज एक मिळवायचा. "कॅलेंडर बघून सुकतीला जाणारी बाई म्हणजे मापाने मीठ घालणारी बाई," असं ती म्हणायची. शेजारची हौसामावशी तिला घड्याळीण म्हणते, आणि अजूनही पुळणीवर जायच्या आधी आमच्या कुंपणाशी उभी राहून हाक मारते, "घड्याळीण गो, आज कितीला?"

फिल्मची गोष्ट घडली त्या दिवशी माझी चुलत बहीण काशीताई हिची हळद होती. लग्न दुसऱ्या दिवशी. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना तिसऱ्या हव्या होत्या, आणि लग्नघरातून एकाही बाईला हलता येत नव्हतं. मी आधी आईबरोबर सातआठ वेळा पुळणीवर गेले होते. आईने स्वतःचं घड्याळ माझ्या मनगटावर दोन भोकं आत घेऊन बांधलं आणि म्हणाली, "सव्वाअकराला निघ. त्याआधी आलीस तरी चालेल, नंतर नाही." मी एकटी पहिल्यांदाच जात होते.

परतताना मी धारेत अडकले. पाणी माझ्या शेवटच्या फासळीपर्यंत आलं, पाय वाळूवरून सुटायला लागले, टोपली गेली. आई मला हळदीला बोलवायला म्हणून किनाऱ्यावर आली होती. ती साडीसकट पाण्यात शिरली आणि तिने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. मारलं नाही. एवढंच म्हणाली, "घड्याळ दिलं होतं ना हातात?"

मी सांगितलं की मी सव्वाअकराला निघाले होते. कुणी ऐकलं नाही. मोठी माणसं म्हणाली की मुलीला तिसऱ्यांच्या नादात भान राहिलं नाही, आणि काही दिवसांनी मलाही तसंच वाटायला लागलं. घड्याळात पाणी गेलं आणि ते बंद पडलं, त्यामुळे त्याची साक्ष उपलब्ध नाही. आईने मला पुन्हा पुळणीवर नेलं नाही. तेव्हापासून, अकरा वर्षं, मी कुठेही वीस मिनिटं आधी पोचते.

फिल्ममध्ये हे सगळं होतं. पहिल्या भागात आई मुलीला मोजायला शिकवते. दुसऱ्यात मुलगी एकटी जाते आणि वेळ विसरते. तिसऱ्यात पाणी वाढतं आणि आई तिला ओढून काढते. चौथा भाग म्हणजे ते उरलेले त्रेसष्ट सेकंद. मी लिहिलं होतं की किनाऱ्यावर आई विचारते, "किती वाजता निघ म्हटलं होतं तुला?", मुलगी रडते, आई तिला जवळ घेते.

श्रद्धाला ते पटत नव्हतं. "मेलेलं आहे," ती म्हणाली.

"कुठे मेलंय? कुठल्या सेकंदाला?"

"असं सेकंदात नसतं गं ते."

मला ते सेकंदात हवं होतं. मी दर बाराव्या फोटोत आई आणि मुलगी यांच्यातलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजलं. एकशे सत्तेचाळीस बिंदू झाले. त्यांचा आलेख काढला. पहिल्या भागात अंतर तीन-चार सेंटिमीटर, दुसऱ्यात वाढत वाढत सव्वीस, मग आई पाण्यात शिरते तिथे सरळ खाली, शून्यावर. मला आलेख चांगला वाटला. श्रद्धाने तो बघितला आणि शून्यावर बोट ठेवलं.

"इथे संपलीच की तुझी फिल्म. यापुढे त्या दोघींना करायला काही उरलेलंच नाही. मुलगी चुकली, शहाणी झाली. ठीक. आईचं काय झालं?"

"आईने वाचवलं तिला."

"ते काम झालं. आईला झालं काय? सुरुवातीला जशी होती तशीच शेवटी आहे. पुतळा आहे तो. आई-मुलीची गोष्ट म्हणतेस, आणि वाढायचं फक्त मुलीने?"

"खरं तसंच घडलं होतं."

"मग खऱ्यात काहीतरी राहिलंय," श्रद्धा म्हणाली आणि बगळ्याचा पाय शोधायला टेबलाखाली वाकली.

आईचा आवाज आईच देणार होती. ती एका पायावर तयार झाली होती. माडीवर येऊन आधी तिने कागदी आईची तपासणी केली.

"ही मी? कमरेला टोपली अशी धरतात होय गो? पडेल ना."

"काकू, वळवते मी हात," श्रद्धा म्हणाली.

"आणि नाक एवढं?"

"नाक तुमचंच आहे, काकू. मी बघून काढलंय."

"बघून काढलंस तर बरोबर काढायचंस."

पहिल्या भागातली सगळी वाक्यं तिने एका दमात म्हटली, लिहिलेल्यापेक्षा बरी. "वाळूला दोन भोकं दिसली की खाली तिसरी. एक दिसलं तर सोड, तिथे खेकडा बसलेला असतो. बोट तुझंच जाईल." मी मूळ वाक्य खोडून तेच ठेवलं. पण चौथ्या भागातलं ते एक वाक्य, किती वाजता निघ म्हटलं होतं तुला, तिला येईना. चार वेळा ध्वनिमुद्रण केलं. चारही वेळा ते किराणावाल्याला भाव विचारल्यासारखं निघालं. पाचव्यांदा ती म्हणाली, "खाली दूध ठेवलंय," आणि गेली. दूध ठेवलेलं नव्हतं. मला वाटलं की श्रद्धासमोर लाजली.

शोध लागला तो पाण्याच्या पट्ट्यांमुळे. तिसऱ्या भागात पाणी वाढताना प्रत्येक फोटोत पट्टी किती वर सरकवायची हे मी अंदाजाने केलं होतं आणि ते मला खटकत होतं. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी भरती-ओहोटीची वेळ आणि उंची काढणारा एक प्रोग्राम वापरला होता. त्यात मागच्या तारखाही टाकता येतात. तारीख मला नक्की ठाऊक होती, काशीताईच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची. मला फक्त पाण्याचा वेग हवा होता.

प्रोग्रामने सांगितलं की त्या दिवशी सकाळची सुकती नऊ वाजून दहा मिनिटांनी होती.

हे बसत नव्हतं. आईने सव्वाअकराला निघ म्हटलं होतं, आणि ती नेहमी सुकतीनंतर एक तास वीस मिनिटांची मुदत देते. म्हणजे तिच्या मोजणीत सुकती नऊ पंचावन्नला होती. फरक पंचेचाळीस मिनिटांचा, बरोबर एका तिथीचा.

मी आधी प्रोग्रामवर संशय घेतला. बंदराचं नाव तपासलं, तारीख पुन्हा टाकली, प्रकल्पाच्या वेळी स्वतः काठी रोवून घेतलेल्या नोंदींशी ताडून पाहिलं. सहा-सात मिनिटांच्या वर तो कधी चुकलेला नव्हता. मग मी एक तक्ता केला. आईच्या मोजणीने सव्वाअकराला धारेत ६३ सेंटिमीटर पाणी असायला हवं होतं. प्रोग्रामने ८५ दिले, आणि साडेअकराला ९५. सातवीच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर माझी उंची १३८ आहे. १३८ सेंटिमीटरच्या मुलीच्या शेवटच्या फासळीला ९५ सेंटिमीटर पाणी लागतं. आईच्या मोजणीने तेवढं पाणी व्हायला सव्वाबारा वाजले असते.

मी खाली जाऊन काशीताईच्या लग्नाचा अल्बम काढला. हळदीच्या एका फोटोत मी तिच्या मागे उभी आहे. केस ओले, फ्रॉक बदललेला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला पाच मिनिटं आहेत. सव्वाबाराला धारेत अडकलेली मुलगी त्या वेळी अजून पुळणीवर तिसऱ्या खणत असायला हवी होती.

अल्बमच्या पहिल्या खिशात लग्नपत्रिका होती. तिच्यावर छापलं होतं: वैशाख शुद्ध पंचमी. लग्नाची तिथी पंचमी, तर हळदीची चतुर्थी. पावणेचारची भरती आणि नऊ पंचावन्नची सुकती निघते ती पंचमी धरली तरच. मी जुनं पंचांग शोधलं. त्या महिन्यात चतुर्थी दोन दिवस होती. असं अधूनमधून होतं. एखादी तिथी लांबते, दोन सूर्योदय तिच्यात येतात, आणि कॅलेंडरवर लागोपाठ दोन चौकोनांत तीच छापलेली असते. कॅलेंडर बघणाऱ्या बाईला ते दिसतं. रोज एक मिळवणाऱ्या बाईला दिसत नाही. एरवी आईला ते कुंपणाशी गप्पांत कळलं असतं, पण त्या आठवड्यात ती लग्नघरातच अडकलेली होती.

मी सव्वाअकराला निघाले होते.

मी हे पहिल्यांदा श्रद्धाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हाच तुझा चौथा भाग."

"तो माझ्या एकटीचा नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या दारी रातांबे, कोकमाची फळं, फोडत बसली होती. समोर पाटी, बाजूला बियांचं घमेलं, हात मनगटापर्यंत लाल. मी तिला तक्ता दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. पुरावा घेऊन आईसमोर उभं राहणं मला बरं वाटत नव्हतं. मी चाकू घेऊन शेजारी बसले आणि फक्त विचारलं, "आई, फिल्ममध्ये पाणी दाखवायचंय. सव्वाअकराला धारेत किती होतं गं?"

तिने दोन रातांबे फोडले.

"तुझ्या त्या मशीनने काय सांगितलं?"

"पंच्याऐंशी सेंटिमीटर."

"म्हणजे?"

मी बसल्या जागी माझ्या पोटाला हात लावून दाखवला, तेव्हाच्या उंचीने. आईने बघितलं नाही.

"पत्रिकेत पंचमी होती," ती म्हणाली.

मी एक रातांबा फोडला.

"लग्नाच्या दिवशी भटजींनी संकल्प सोडला ना, तेव्हा कानावर पडलं. वैशाखे मासे, शुक्ल पक्षे, पंचम्याम्. मी म्हटलं, पंचमी तर काल झाली. मग मांडवाच्या खांबाला पत्रिका चिकटवलेली होती ती जाऊन वाचली. दोनदा वाचली." तिने बी काढून घमेल्यात टाकली. "तेव्हा तू वरातीत नाचत होतीस."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगू? सगळ्या वाडीने सांगून झालं होतं की मनूला भान नव्हतं. आणि माझ्याकडे रोज सकाळी आठ बायका वेळ विचारायला यायच्या. त्यांना काय सांगू, माझं बरोबर असेल नाहीतर नसेल?"

"मला सांगायचंस."

"तुला सांगायचं होतं," ती म्हणाली, आणि पाटीतला पुढचा रातांबा उचलला.

मी विचारलं, की मग मला पुन्हा नेलं का नाहीस. मला खरंच वाटत होतं की ती शिक्षा होती. अकरा वर्षं मी ती शिक्षा समजत होते.

आईने हात पाटीच्या कडेला पुसले. लाल डाग गेला नाही. "माझ्या मोजण्यावर तुला पाठवायचं धाडस झालं नाही परत," ती म्हणाली. "बायकांचं काय, पाणी चढलं तर त्या आपल्या आपण पोहून येतात. कपाटाच्या दाराला आतून काय आहे बघितलंयस कधी?"

मी बघितलं. तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने, साड्यांच्या मागे, कॅलेंडर टांगलेलं होतं. चालू वर्षाचं. खिळ्याभोवती आधीच्या वर्षांच्या दोऱ्यांचे तुकडे होते. मी दहा मोजले. हौसामावशीने कुंपणातून हाक मारली की आई आत जाऊन पदर नीट करून येते, हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते.

मी परत येऊन बसले. आई म्हणाली, "हे फिल्ममध्ये घालणार आहेस?"

"तू म्हणशील तर."

"हौसा बघेल ना ती फिल्म?"

"बघेल. सगळ्याच बघतील. गणपतीत मांडवात दाखवूया असं मंडळाचे बाळाकाका म्हणतायत."

"मग नको," आई म्हणाली.

मी बरं म्हटलं. श्रद्धाला कळवलं की चौथा भाग मूळ लिहिला होता तसाच ठेवायचा. ती चिडली नाही, पण दोन दिवस आली नाही. त्या दोन दिवसांत मी एकटीने मुलीच्या रडण्याचे चाळीस फोटो काढले आणि चाळीसही पुसले. मुलीच्या हातात काही करण्यासारखं नव्हतं. ती चुकलेलीच नव्हती, आणि हे मला माहीत झाल्यावर तिच्याकडून माफी मागवायला माझी बोटं हलेनात. फिल्म न पाठवण्याचा पर्याय मी वहीत लिहून ठेवला. तेरा दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी श्रद्धा आली. आम्ही माडीवर पाण्याच्या पट्ट्या लावत होतो. वर पंखा लावता येत नाही, साड्या उडतात. मे महिन्यात त्या खोलीत दुपारी बारानंतर थांबवत नाही, म्हणून सगळं काम सकाळी. दहाच्या सुमाराला जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. आई होती, आणि तिच्यामागे धापा टाकत हौसामावशी, कमरेवर रातांब्यांची पाटी घेऊन.

"हिने मला वर का आणलंय ते हिलाच ठाऊक," हौसामावशी म्हणाली. "म्हणते, फोडायचे ते वर बसून फोड. गुडघे माझे, जिना हिचा."

"बस गो तिथे," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "फोन लाव."

"कुठलं वाक्य म्हणणार आहेस?"

"तू लाव."

श्रद्धाने वरचा फोन काढला नाही. तिने स्वतःचा काढला, पुस्तकांच्या ढिगावर उभा केला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. आईने टेबलावर वाकून बघितलं. भिजलेल्या साडीतली कागदी आई किनाऱ्यावर होती आणि मुलगी तिच्यापासून हातभर दूर, उपड्या टोपलीशी.

"ही एवढी लांब कशाला?"

"अजून जवळ आलेली नाही, काकू."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "असू दे तिथेच."

हौसामावशीने पाटी मांडीशी ओढली आणि चाकू हातात घेतला. "हा चाकूचा आवाज येणार नाही ना गो तुमच्यात? नाहीतर मग फिल्ममध्ये मीच."

"मावशी, जरा थांबा," श्रद्धा म्हणाली.

हौसामावशी थांबली. आई कागदी मुलीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिने पदर खांद्यावर घेतला, खाली केला, पुन्हा घेतला.

"मनू," ती म्हणाली. फिल्ममधल्या मुलीला नाव नव्हतं. "तू वेळेवरच निघाली होतीस."

मग ती थांबली. मला वाटलं एवढंच होतं, आणि मी श्रद्धाला बंद कर अशी खूण करणार होते. श्रद्धाने डोळ्यांनीच नको म्हटलं. आईचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि तिथून ती तो हलवत नव्हती. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू झाली नाही.

"मी मोजायला चुकले," आई म्हणाली. "त्या दिवशी चतुर्थी होती. मी पंचमी धरली."

हौसामावशीच्या हातातला रातांबा पाटीत पडला. "दमयंते," ती म्हणाली, "काशीच्या हळदीच्या दिवशी?"

"हां."

"अगो, त्या दिवशी सकाळी लग्नघरात तू मलाही तिथी विचारली होतीस. मीच म्हटलं पंचमी. मी तुझंच ऐकून म्हणत होते."

"तुझं ऐकून मी मोजत नव्हते, हौसा. मी मोजलेलं तुला सांगत होते."

"मग आता उद्या कितीला जायचं?" हौसामावशीने विचारलं. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, तिला खरोखरच वेळ हवी होती.

"खाली ये. कॅलेंडर बघून सांगते," आई म्हणाली, आणि दोघी जिन्याने उतरल्या. हौसामावशीची पाटी वरच राहिली.

श्रद्धाने ध्वनिमुद्रण थांबवलं. तिने विचारलं की कुठून कुठपर्यंत घ्यायचं, आणि मधली शांतता कापायची का. मी नको म्हटलं. फाइल संगणकावर घेतली, हेडफोन लावले, आणि पहिलं वाक्य संपतं तिथे एक आणि दुसरं सुरू होतं तिथे एक अशा दोन खुणा केल्या. तीनदा मोजलं. दोन वाक्यांमधलं अंतर नऊ पूर्णांक चार सेकंद होतं, म्हणजे एकशे तेरा फोटो.